कर्लूचं तोंड कुठल्या बाजूला

हॅल्शॉ, लँकेशायर
१२ जानेवारी १९८७

प्रिय ॲबेल,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. दर वर्षीसारखं त्यात ‘सगळं ठीक’ एवढंच लिहिलं आहेस, त्यावरून तुझा हात अजून चालतो एवढं कळलं. बाकी काही कळू द्यायचं नाही असा कॅनडाला जाताना तू पणच केला असावास. मी मात्र आज मोठं पत्र लिहायला बसले आहे. दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपला मावसभाऊ पर्सीसुद्धा परत आल्यापासून धडधाकट आहे आणि पूर्वीइतक्याच थापा मारतो. फोन केला असता, पण पोलादाच्या कारखान्याने तुझे कान नेले, आणि ही गोष्ट तुझ्या बायकोकरवी सांगायची नव्हती.

आपली बोट, ‘कर्लू’, सापडली.

कालव्याच्या चुनाभट्टीकडच्या फाट्यात, गाळाखाली. खाण बंद झाल्यापासून कालव्याचं काय करायचं यावरून इथे नुसती भांडणं चालली होती. नगरपालिकेला तो बुजवून रस्ता करायचा होता. मग कालवा वाचवायची एक समिती निघाली. तिचे चिटणीस मिस्टर थ्रेलफॉल आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त होऊन आम्हा सगळ्यांना शिकवतात. पण माणूस चिवट, नगरपालिकेला नमवलंच. आता रोज कालव्यातून जुने पलंग, सायकली, बाबागाड्या निघताहेत. फाट्याच्या कामाला हात घातला तेव्हा यंत्राच्या दातांना लाकूड लागलं आणि थ्रेलफॉल मला बोलवायला आले. मी जाऊन पाहिलं. पाण्याबाहेर फक्त पुढची लोखंडी पट्टी दिसत होती, आणि तिला तो खळगा होता. लहान असताना तू गिरणीच्या पुलावर तिला आपटवलीस, तोच. एवढा हुशार पोरगा दुसऱ्या कुठल्या बोटीवर नव्हता, त्यामुळे शंकेला जागाच नाही.

आता मुद्द्याचं. ईस्टरपर्यंत फाट्यातलं पाणी काढणार. त्यानंतर बोट उचलून नीट करायची, की यंत्राने तुकडे करून गाळाबरोबर गाडीत भरायची, हे घरच्यांनी सांगायचं आहे. उचलायची तर समिती सगळं करेल, पण मालकाचा होकार पाहिजे. बाबाने अख्ख्या धक्क्याला सांगून ठेवलं होतं की बोट ॲबेलची. तेव्हा शब्द तुझा. मला विचारशील तर उचलावी, आणि त्या निमित्ताने तू एकदा घरी यावंस. माझंही वय काही आता कमी होत नाही.

तुझी,
लेटी


हॅमिल्टन, ओंटारिओ
२ फेब्रुवारी १९८७

लेटी,

तुकडे करू दे.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. बायकोने उघडायला लावलं. म्हणाली, सख्ख्या बहिणीला असं लिहितात का. म्हणून कारण लिहितो, एकदाच.

मी निघालो त्या उन्हाळ्यात डीपफोल्डच्या खाणीने कोळसा वाहायला लॉऱ्या घेतल्या होत्या. आठवडाभर धक्क्यावर ताटकळलं तर कोळशाची एखादी खेप मिळायची. बाकीचे बोटवाले बोटी विकून मोकळे झाले होते. त्रेपन्न साली राणीच्या राज्याभिषेकाच्या शेकोटीला लोकांनी जुन्या बोटींच्या फळ्या लावल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाबाला म्हणालो, ‘हा धंदा मेला. मेलेल्या धंद्याचं सुकाणू मी धरणार नाही.’ तो घोड्याच्या गळ्यातला पट्टा पुसत होता. पुसतच राहिला. मी निघालो तेव्हा रस्त्यापर्यंतही आला नाही.

पुढच्या वर्षी पर्सी आमच्याच कारखान्यात लागायला इथे आला. त्याने सांगितलं, बाबाने कर्लू भट्टीच्या फाट्यात नेऊन बुडवली. ती खाली जाईपर्यंत काठावर उभा राहून बघत होता, आणि पर्सीने माझं नाव काढलं तसा थुंकला. त्याच हिवाळ्यात बाबा गेला. तू कळवलंस, मी आलो नाही. का, ते आता कळलं तुला.

ती बोट आजोबांची. बाबा तिच्यावर जन्मला, मी तिच्यावर जन्मलो. ती मला मिळू नये म्हणून त्याने स्वतःच्या हाताने पाण्याखाली घातली. आता मी कुठल्या तोंडाने म्हणू, वर काढा? त्याच्या मनात होतं तसंच होऊ दे.

ॲबेल

ता. क. फाट्यातलं पाणी एकदम काढणार की हळूहळू?


हॅल्शॉ
२१ फेब्रुवारी १९८७

प्रिय ॲबेल,

ताजा कलम वाचला. ज्याला तुकडे हवेत त्याला पाणी कसं काढणार याची उठाठेव कशाला? थ्रेलफॉलना मी तुझं उत्तर दिलेलं नाही. म्हटलं, कॅनडाचं टपाल बर्फात अडकलंय.

आधी तुझा रागच आला. इतकी वर्षं मला वाटायचं, याचं तिकडे मोठं घर झालं, अंगणात गाडी आली, आता आम्ही काळ्या नखांची माणसं याला नकोशी झालो. आणि तू तिकडे हे उरावर घेऊन बसला होतास. अरे, एक शब्द लिहायचास. तुझं अक्षर लागलं नसतं तर शेजारणीकडून वाचून घेतला असता.

त्या वर्षी मी छातीच्या दवाखान्यात पडून होते, घरी आले तेव्हा बोट गेलेली होती. का बुडवली, हे बाबाला विचारायचं माझ्या मनात होतं. पण तो बोलणाऱ्यातला माणूस होता का? आणि तोवर त्याचीच छाती इतकी भरली होती की जिना चढताना मधे बसायचा. शिवाय बोटीतलं मला काय कळतं. खोकला लागला म्हणून मला आठव्या वर्षी आजीकडे जमिनीवर आणून ठेवलं, ती मी गिरणीतच मोठी झाले. सूत तुटलं तर डोळे मिटून जोडीन, पण बोटीची गाठ मला अजून मारता येत नाही.

पण पर्सीला तर विचारता येतं. गेले त्याच्याकडे. तो हल्ली म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत राहतो, जिथे आमची गिरणी होती तिथेच. चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे. केक घेऊन गेले होते, पण म्हटलं आधी खरं सांग, मग केक. खूप आढेवेढे घेतले त्याने. शेवटी कबूल केलं की बोट बुडताना त्याने पाहिलीच नाही. खाणीतून सुटून फाट्यावरून येत होता, तेव्हा ती खाली गेलेली होती. बाबा एकटाच काठावर बसला होता, धापा टाकत, गुडघ्यांपर्यंत चिखल. पर्सीने विचारलं, ‘ॲबेलचं काही कळलं का?’ तेव्हा बाबा थुंकला. एवढंच. बाकीचं त्याने तुझ्याकडे येताना जहाजावर रचलं. म्हणतो, नुसतं थुंकला म्हणून सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं का.

आता मला सांग ॲबेल, बाबा कधी थुंकत नव्हता? तोंडात सदा तंबाखू. ‘बरं आहे’ म्हणायच्या आधी थुंकायचा. लग्नात पाद्र्याने ‘हो’ म्हणायला सांगितलं तेव्हासुद्धा आधी थुंकायला बाहेर गेला होता, असं आई सांगायची. त्या थुंकीवर तू एवढी वर्षं काढलीस.

पण बोट बुडवली हे खरंच आहे, ते मी तरी कसं नाकारू? इथवर येऊन माझीही बुद्धी थांबते.

काल थ्रेलफॉलनी समितीत भाषण दिलं. दोनशे वर्षांपूर्वी हा कालवा खणला नसता तर हॅल्शॉ मेंढ्यांचं गाव राहिलं असतं म्हणाले. कोळसा पाण्याने आला म्हणून गिरण्या आल्या, गिरण्या आल्या म्हणून आपण सगळे. मी म्हटलं, आणि कोळसा काढून काढून खालची जमीन पोकळ केली म्हणून माझं घर एका बाजूला कललं, तेही सांगा. मटार सांडले की सगळे खिडकीखाली जाऊन बसतात. खाली जुन्या खाणीतलं पाणी येतं ते गंजाच्या रंगाचं, त्यात बदकं पोहतात आणि नारिंगी पोटाने बाहेर येतात. लोक हसले. थ्रेलफॉलही हसले आणि म्हणाले, ‘मिसेस पिलिंग, हे सगळं मला लिहून द्या.’ मी म्हटलं, मी फक्त भावाला लिहिते, आणि तोही उत्तर देत नाही.

तर उत्तर दे.

लेटी


हॅल्शॉ
२८ मार्च १९८७

प्रिय ॲबेल,

महिना उलटून गेला. तुझ्या बायकोला फोन केला तर म्हणाली, तब्येत बरी आहे, पण जेवून उठला की तळघरात जाऊन बसतो, पत्र लिहायला घेतो आणि फाडतो. म्हणून मीच लिहिते.

फाट्यातलं पाणी काढलं. हळूहळू काढलं, तू विचारलं होतंस म्हणून मी मुद्दाम चौकशी केली. रोज थोडी थोडी ती वर येत गेली. आधी दोन्ही टोकं, मग कडा, मग अख्खी. मी म्हणत होते जाऊन बघणार नाही, आणि रोज गेले. आपण इतकी माणसं एवढ्याशा खोलीत कशी मावत होतो कोण जाणे. चूल नाही, आईचं कपाट नाही. बहुतेक बाबाने आधीच काढून कोणाला देऊन टाकलं असेल. मधल्या कोळशाच्या भागात गाळ होता, तो पोरांनी फावड्यांनी काढला.

आणि गाळाखाली विटा निघाल्या. बोट भरून विटा. भट्टीच्या पडक्या भिंतीतल्या.

ते पाहिलं आणि माझा धीर सुटला. नुसती बुडवली असती तर म्हटलं असतं, रागाच्या भरात माणूस काहीही करतो. पण पुन्हा वर येऊच नये म्हणून त्याने तिच्यात विटा भरल्या. एवढ्या विटा वाहायच्या म्हणजे त्या छातीने किती दिवस लागले असतील. इतके दिवस राग टिकला म्हणजे तो रागच होता. तुझं बरोबर होतं आणि मी उगाच तुला डिवचत राहिले. वाईट वाटून घेऊ नकोस, की घे, मला कळत नाही.

थ्रेलफॉलना अजून काही बोलले नाही. यंत्र ईस्टरनंतरच्या आठवड्यात येणार आहे. तोपर्यंत तुझं दुसरं काही आलं नाही तर सांगून टाकते, तुकडे करा. इथे चार दिवस छान ऊन पडलंय, फळ्या वाळायला लागल्यात, त्यामुळे तोडायला सोपं जाईल म्हणतात.

लेटी


हॅमिल्टन
५ एप्रिल १९८७

लेटी,

काही तोडू नका. कोणालाही हात लावू देऊ नकोस.

पहिलं काम, ती वाळता कामा नये. गोणपाटं आण, भिजव, दोन्ही बाजूंनी आणि तळाला घाल, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मार. गोणपाट मिळालं नाही तर घरातले गालिचे घे. चार दिवस ऊन लागलं, आता एक दिवसही नको.

दुसरं. या प्रश्नांची उत्तरं दे, बघून दे, आठवून नको.

मागच्या खोलीत, तळाशी, सुकाणूच्या बाजूला एक गोल भोक असतं. मूठ जाईल एवढं. ते आहे का? त्याचं बूच कुठे आहे? दुसरीकडे कुठे कुऱ्हाडीने वगैरे फोडलेलं दिसतं का?

विटा टाकलेल्या आहेत की मांडलेल्या? खालच्या फळ्या फुटल्या आहेत का?

आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे? भट्टीकडे की कालव्याकडे?

का, ते विचारू नकोस. आधी लिही. बायको म्हणते, मी फोनवर विचारून तुला सांगते. मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही. एकदा ऐकलं तेवढं पुरे झालं. तुझ्या अक्षरात पाहिजे.

ॲबेल


हॅल्शॉ
१३ एप्रिल १९८७

प्रिय ॲबेल,

वा. दोन महिने मौन, आणि मग एकदम मुकादम.

तुझं पत्र आलं आणि मी त्याच पावली थ्रेलफॉलकडे गेले. म्हटलं, मालक म्हणतो हात लावायचा नाही. ते म्हणाले, यंत्र ठरलेलं आहे. मी म्हटलं, ठरू दे, मी घडीची खुर्ची घेऊन तिथे बसते. आणि बसले. थर्मासमधे चहा, हातात विणकाम. दुपारी ते स्वतः येऊन शेजारी बसले आणि विचारलं, नक्की भानगड काय आहे. मी म्हटलं, मलाही माहीत नाही, माझा भाऊ सांगत नाही. यंत्र आता पुढे पाठवलंय, मुख्य कालव्याच्या कामाला.

गोणपाटं पोस्ट ऑफिसातून मिळाली, टपालाच्या फाटक्या पिशव्या. कमी पडली तिथे माझा जिन्यावरचा गालिचा घातला. अग्निशमनवाले संध्याकाळी सराव म्हणून पाणी मारून जातात. पर्सी रोज सकाळी झारी घेऊन येतो, प्रायश्चित्त म्हणून.

आता तुझी उत्तरं. सगळं मी स्वतः आत उतरून, चिखलात गुडघे टेकून पाहिलंय. माझ्या वयाच्या बाईला हे करायला लावलंस.

भोक आहे. गोल, स्वच्छ, कडा गुळगुळीत. दुसरीकडे कुठेही फोडलेलं नाही, थ्रेलफॉलनी विजेरी घेऊन इंच न् इंच पाहिलं. बूच भोकाच्या वर, आतल्या आकड्याला डांबरी दोरीने बांधून टांगलेलं आहे. मेणकापडात गुंडाळून. कापड कुजलंय, बूच शाबूत आहे.

विटा मांडलेल्या. हे मी मागच्या वेळी नीट पाहिलं नव्हतं, गाळच फार होता. वरचे थर गाळ उपसताना ढासळले, पण खालचे आहेत तसे आहेत. आडव्या ओळींत, दोन ओळींत हाताच्या बोटाएवढी जागा ठेवून, आणि खाली पोत्यांचा थर. तळाची एक फळी फुटलेली नाही. आई जेवायच्या वेळी ताटं मांडायची तशा मांडल्यात.

तोंड कालव्याकडे आहे. पुलाकडे. पाठ भट्टीला.

आता बोल. माझा जीव टांगणीला लागलाय.

लेटी


हॅमिल्टन
२२ एप्रिल १९८७

प्रिय लेटी,

तुझं पत्र आलं तेव्हा दाराशीच उभा राहून वाचलं. बायको म्हणते मी दार उघडंच ठेवलं. मला आठवत नाही. रडलो ते आठवतं.

तुला जमिनीवर नेलं नसतं तर हे तुला सांगावं लागलं नसतं. लाकडाची बोट पाण्याने मरत नाही, उन्हाने मरते. काम नसलं आणि ती वर तरंगत राहिली की कडेच्या फळ्या सुकतात, आकसतात, सांधे उघडतात, आणि दोन उन्हाळ्यांत ती सरपण होते. म्हणून ज्याला बोट ठेवायची असेल तो तिला बंद पाण्यात नेतो, चूल आणि कपाट काढून घेतो, बूच काढतो आणि तिला खाली बसू देतो. वजन ठेवतो, ते बर्फ वितळताना ती हलू नये म्हणून. वजन टाकायचं नसतं, मांडायचं असतं, तळाला ओरखडा न येता. आणि बूच बांधून ठेवायचं असतं, म्हणजे जो वर काढायला येईल त्याला शोधावं लागू नये. आजोबांनी पहिल्या महायुद्धाच्या वेळी तिला असंच ठेवलं होतं. मी लहान असताना बाबाने मला ही गोष्ट वीस वेळा सांगितली होती, आणि पर्सीने ‘बुडवली’ म्हटल्याबरोबर मी ती विसरलो. मला रागच ऐकायचा होता, कारण मी स्वतः रागावून आलो होतो.

तुझ्या मार्चच्या पत्रात तू विटा लिहिल्यास तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. पण मी धीर धरला. विटा रागातही भरता येतात. म्हणून तोंड विचारलं.

लेटी, त्या फाट्यात बोट वळत नाही. तो बोटीच्या लांबीहून अरुंद आहे. कोळसा घेऊन आम्ही भट्टीला जायचो तेव्हा सरळ तोंड आत घालून शिरायचो, आणि रिकामी बोट शेपटाकडून ओढत बाहेर काढायचो. मोडायला, टाकायला आणलेली बोटही कोणीही तशीच नेईल, सरळ आत. तिला बाहेर थोडंच यायचं असतं. तोंड कालव्याकडे ठेवायचं तर आधी तिला गिरणीच्या पुलापलीकडच्या रुंद डोहापर्यंत न्यायची, तिथे वळवायची, परत आणायची, आणि मग उलटी आत ढकलायची. घोडा असला तरी ते दोन माणसांचं काम. आपला घोडा कॅप्टन त्याच वसंतात मेला होता, हे मला पर्सीने तेव्हाच सांगितलं होतं, आणि त्यातही मी काही पाहिलं नाही. म्हणजे बाबाने दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. जिना चढताना मधे बसणारा माणूस. म्हणून पर्सीला तो गुडघाभर चिखलात, धापा टाकत दिसला.

ती निघायला तयार करून ठेवली होती, लेटी. कोणीतरी येईल, बूच लावेल, पाणी उपसेल आणि सरळ निघेल, एवढं सगळं करून ठेवलं होतं. ते कोणीतरी कोण, हे त्याने अख्ख्या धक्क्याला सांगितलंच होतं.

मला वाटतं त्याला कालवा मेला हे पटलं होतं. नाहीतर तो ती चालवत राहिला असता. पण मी परत येणार नाही हे त्याला पटलं नव्हतं.

इतकी वर्षं छातीवर काहीतरी होतं, ते मी वय म्हणून, कारखान्याची धूळ म्हणून चालवून घेत होतो. परवापासून नाही. बायको म्हणते मी झोपेत घोरायला लागलोय, आणि तिला ते आवडलंय.

उचला तिला. थ्रेलफॉलना सांग, मालकाचा होकार आहे. आधी बूच लावा, मग विटा एकेक करून काढा, आणि पाणी सावकाश सोडा. पहिले काही दिवस ती गळेल. घाबरू नका, उपसत राहा, फळ्या फुगल्या की आपोआप बंद होईल.

मी जूनमध्ये येतो आहे. आम्ही दोघंही. जिन्याचा गालिचा मी घेऊन येईन.

तुझा,
ॲबेल


हॅल्शॉ
१९ मे १९८७

प्रिय ॲबेल,

तुझं पत्र मी पर्सीला वाचून दाखवलं. त्याने हातातला केक खाली ठेवला, म्हणजे बघ. मग म्हणाला, माझ्यावर कोणी विश्वास ठेवायला सांगितलं होतं? पण नंतर स्वच्छतागृहात जाऊन आला तेव्हा डोळे लाल होते. सध्या तो ज्याला त्याला सांगतो आहे की बाबाने बोट जपून ठेवली हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मी सोडून दिलंय.

मला एक सांगायचं आहे, ते तुझ्या पत्राने आठवलं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत बाबा एकच वाक्य म्हणायचा. ‘पाणी कमी होऊ देऊ नकोस, लेटी.’ मला वाटायचं, घसा सुकतोय. मी त्याचा पेला भरत राहिले. तो पेल्याकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि पुन्हा तेच म्हणायचा. शेवटी मी पेला काठोकाठ भरून ठेवायला लागले आणि म्हणायचे, ‘बघ बाबा, भरलंय, कमी होणार नाही.’ मग गप्प झोपायचा. परवा हे आठवलं आणि मी ओट्याजवळ उभी राहून हसले की रडले, ते तू आल्यावर ठरव. काही असो, वचन मी दिलं होतं, आणि न कळता का होईना, पाणी राहिलं.

कर्लू तरंगते आहे. मागच्या मंगळवारी पाणी सोडलं. पहिल्या दिवशी चाळणीसारखी गळली. थ्रेलफॉल पांढरेफटक पडले. मी म्हटलं, उपसा, माझ्या भावाने सांगितलंय. पाळीपाळीने उपसलं, निम्मं गाव आलं होतं, जे कधी कालव्याकडे फिरकले नाहीत तेही. गुरुवारी गळती कमी झाली. शनिवारी सकाळी पर्सी आत उतरला, हात फिरवून वर आला आणि हात दाखवला. कोरडा.

आईचं कपाट आणि चूलही सापडली. कुठे, विचार. पर्सीच्या आईच्या जुन्या धुण्याच्या खोलीत, भाडेकरूने त्यावर कुंड्या ठेवल्या होत्या. बाबाने तिला ‘ॲबेल नेईल’ म्हणून ठेवायला दिलं होतं, असं आता पर्सीला आठवतंय. त्याच्या तोंडावर मी काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

समिती जूनमध्ये फाटा उघडण्याचा समारंभ करणार आहे, तू असशील तेव्हाच. बँड आहे, महापौर आहेत. कोळशाच्या धंद्याची आठवण म्हणून कर्लू मधोमध राहणार. थ्रेलफॉल काल सांगायला आले की बोटीची मागची बाजू जास्त शोभिवंत, तिथेच खोली, तिथेच रंगकाम, म्हणून लोकांना दिसावी यासाठी तिला क्रेनने उचलून उलटी फिरवून ठेवू. चांगला माणूस आहे, त्याला काय माहीत.

मी माझी घडीची खुर्ची पुन्हा काठावर नेऊन ठेवली आहे. त्यांना म्हटलं, रंग हवा तेवढा लावा, महापौर हवे तिथे बसवा, पण तिचं तोंड आहे तिथेच राहील. ज्याच्यासाठी ठेवलं आहे तो निघाला आहे.

तुझी,
लेटी